काठी टाकायची वेळ

वारंगा फाट्यावर पुण्याची गाडी आली तेव्हा माझ्या पाठीवर सॅक होती, हातात धपाट्यांची पिशवी होती आणि याडीच्या हातात काठी होती. याडी म्हणजे आई. आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात आणि बापाला बा. घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो. इथं सगळं मराठीत लिहिते आहे, त्यामुळे याडीचा आवाज थोडा परका होईल. ते तिनं सांभाळून घ्यावं आणि तुम्हीही.

तुम्ही म्हणजे दोन्ही. डोंगरकड्याजवळ तांड्यावरच राहिलेले तुम्ही, आणि माझ्यासारखे त्याच फाट्यावरून गाडीत बसून पुण्याला, हैदराबादला, सुरतेला गेलेले तुम्ही.

काठी बांबूची होती, माझ्या खांद्याला लागेल एवढी. दर होळीला तेल चोळून तिचा रंग भाजलेल्या शेंगेसारखा झालेला. गाडीच्या क्लीनरनं ती बघितली आणि डोक्याला हात लावला. "मावशी, हे काय आता? पुण्यात म्हशी कुठं हायत हाकायला?"

"म्हशी न्हाईत, पर माणसं तर हायत ना?" याडी म्हणाली.

फाट्यावरचे केळीवाले, चहावाले सगळे हसले. क्लीनरनंही हसत काठी ड्रायव्हरच्या मागं उभी केली. बा मात्र हसला नाही. तो माझ्या सॅकचा पट्टा ओढून ओढून बघत होता, जणू तो पक्का बसला की माझंही सगळं पक्कं होणार होतं. गाडी हलताना तो खिडकीपाशी आला. "दमलीस तर परत ये. कोण काय म्हणणार न्हाई," तो म्हणाला. आणि गाडीबरोबर दोन पावलं चालत म्हणाला, "पर दमलीस म्हणून गप बसू नको."

या दोन वाक्यांपैकी पहिलं मी लक्षात ठेवलं. दुसरं विसरले. पुढं जे लिहिते आहे ते त्या विसरण्याबद्दल आहे.

बा कळमनुरीच्या एका छापखान्यात मशीनवर होता. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. शाई फाकलेली, वाकडी छापलेली, एका बाजूला कोरी राहिलेली, म्हणून टाकून दिलेली पत्रकं बा घरी आणायचा. दारूबंदीची, पाण्याच्या टाकीची, शाळेला मास्तर मागणारी, धरण्याची, मोर्चाची. मी अक्षरं त्यावर शिकले. वह्यांना कव्हर त्यांचं, डब्यात भाकरीखाली तीच, चूल पेटवायलाही तीच, पण आधी वाचून. चौथीत बाईंनी 'माझी आई' हा निबंध लिहायला सांगितला, तर मी पहिली ओळ लिहिली, 'बंधू आणि भगिनींनो.' बाई इतक्या हसल्या की त्यांनी वही शेजारच्या वर्गात नेऊन दाखवली. मला हसण्यासारखं काय होतं ते कळलं नव्हतं. मला वाटायचं, महत्त्वाचं काही लिहायचं असेल तर सुरुवात अशीच करतात.

बाची पत्रक वाचायची एक रीत होती. तो आधी सगळ्यात खालची ओळ वाचायचा. तिथं कुणाचं नाव, कुठला पत्ता, ते बघायचा आणि मगच वर जायचा. नाव नसेल तर कागद बाजूला ठेवायचा. "खाली नाव न्हाई ते पत्रक न्हाई," तो म्हणायचा. "ती चुगली हाय."

आणि याडीची रीत काठीची. आमच्याकडं धुळवडीच्या दिवशी तांड्याच्या मधोमध एक खुंटा रोवतात. त्याला गोडाचा हंडा बांधतात. बाया काठ्या घेऊन खुंट्याभोवती उभ्या राहतात आणि पुरुष तो हंडा पळवायला येतात. बाया त्यांना हाणतात. खेळच तो, पण मार खोटा नसतो. एरवी दिरासमोर, सासऱ्यासमोर पदर नाकापर्यंत ओढणाऱ्या बाया त्या दिवशी पदर मागं खोचतात आणि ज्याच्यावर राग आहे त्याला शोधून शोधून मारतात, वर गाण्यातून त्याची लाजही काढतात. मार खाणाऱ्यानं रागवायचं नसतं. मला याडीनं सहावीत काठी धरायला शिकवली. कंबरेच्या वर मारायचं नाही. मारताना तोंड झाकायचं नाही, कोण मारतंय ते त्याला दिसलं पाहिजे. आणि तिसरा नियम सगळ्यात मोठा: पुरुषाचा हात खुंट्याला लागला की त्याच क्षणी काठी खाली टाकायची. "हात लागल्यावर मारलेला एक तडाखाबी पाप हाय," ती म्हणायची. इतक्या वेळा काठी टाकली आहे मी, की ते डोक्याला विचारावं लागत नाही. हातच टाकतो.

पुण्यात मला एका आरोग्य विम्याच्या कंपनीत नोकरी लागली. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. ते जिथं लिहायचं होतं तिथं लिहिलं आहे. काम तक्रारीचे फोन घेण्याचं. ज्यांचे दावे नामंजूर झाले ते लोक फोन करायचे आणि त्यांचा राग ऐकून घ्यायला आम्ही होतो. मंजूर करण्याचा अधिकार आम्हाला नव्हता, का नामंजूर झालं ते समोरच्या पडद्यावरही धड दिसायचं नाही. आमच्याकडं एक वाक्य होतं, "मी आपली अडचण समजू शकते." ते मऊ आवाजात म्हणायचं. पहिल्या महिन्यात माझं 'व्हय' काढून टाकलं, 'न्हाई' काढून टाकलं, 'काहून' तर पहिल्याच दिवशी. फोन आपण ठेवायचा नाही, हा मुख्य नियम. समोरच्यानं आईवरून शिव्या दिल्या, तुझ्या घरात मढं पडो म्हटलं, तरी तो ठेवेपर्यंत आपण ऐकायचं.

आणि त्यातली बरीच माणसं खरी होती. कुणाचा बाप दवाखान्यात पडलेला, कुणाचं लेकरू. आवाज परभणीकडचा, जालन्याकडचा, एकदा तर सरळ कळमनुरीचा. मी त्यांच्या बाजूची होते आणि त्यांना थांबवायला मला बसवलं होतं. बारा पत्रकं लिहून होतील एवढा राग माझ्या पोटात रोज साठायचा, आणि तोंडातून निघायचं ते मऊ वाक्य. झोपेत मी दात खायला लागले. सकाळी जबडा उघडताना कट्कन आवाज यायचा. केस गळले. तांड्यावरून फोन आला की मी याडीशीही त्याच आवाजात बोलायचे. ती एकदा म्हणाली, "छोरी, तू अशी का बोलून राहिली? मी काय गिऱ्हाईक हाय?"

माझ्या खोलीत उज्ज्वला राहायची. सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावची, शेतकऱ्याच्या घरची, कंपनीतही माझ्याच मजल्यावर, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणारी. गोरी, बुटकी, चालताना गुणगुणणारी. ती आली त्या दिवशी मी तांड्यावरची म्हणून तिच्या घरच्यांनी जरा तोंडं वाकडी केली होती. ती लोकं गेल्यावर तिनं माझ्या डब्यातला धपाटा उचलून खाल्ला आणि म्हणाली, "आता बाटले वं मी. आता दुसरा दे." तिथून आमची मैत्री.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आधी आम्ही दोघींनी मिळून एक कागद लिहिला. तीनच मागण्या. शिव्या देणाऱ्याला दोनदा बजावून फोन ठेवायची मुभा द्या. अशा फोननंतर पाच मिनिटं खुर्चीवरून उठू द्या. आणि तक्रारींची रांग सलग एकाच माणसावर टाकू नका. उज्ज्वलाचं अक्षर चांगलं, म्हणून तिनं लिहिलं. मजकूर माझा. कागद तिनं माझ्याकडं दिला. "तू पत्रकावर वाढलेली. देयाचं काम तुझं," ती म्हणाली. "उद्या देते," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात कंपनीनं आमच्या तणावावर उपाय काढला. दर शनिवारी सकाळी इमारतीच्या तळघरात मार्शल आर्ट्सचा वर्ग. हातापायाचे वार, वाळूची बॅग, जपानी काठी. शिकवायला पाटोळे सर यायचे. मनानं सरळ माणूस, कानशिलं पांढरी, आवाज न चढवता शिकवणारा. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला ती काठी दिली आणि तिचं जपानी नाव सांगितलं. मी उज्ज्वलाला हळूच म्हणाले, "ही तर याडीचीच काठी. फकस्त वार्निश मारलंय." आम्ही इतक्या हसलो की सरांनी आम्हाला वीस बैठका मारायला लावल्या.

मी खोटं लिहिणार नाही. त्या वर्गानं मला बरं वाटायचं. बॅगला पहिला गुद्दा मारला तेव्हा खांद्यापासून काहीतरी सुटत गेलं. सर सांगायचे, "श्वास सोडत मार. आवाज येऊ दे. लाजायचं नाही." मी ओरडायचे. आठवडाभराचं ते मऊ वाक्य उलटं होऊन बाहेर पडायचं. घाम निथळायचा आणि डोकं शांत व्हायचं. त्या रात्री मी दात खायचे नाही. ज्यांना असा वर्ग परवडतो किंवा मिळतो त्यांनी तो जरूर करावा. शरीरात साठलेलं शरीरातूनच जातं, हे मी तेव्हा शिकले आणि आजही मानते.

पण तो कागद माझ्या वर्गाच्या पिशवीत होता, हातमोज्यांच्या खाली. शुक्रवारी संध्याकाळी मी ठरवायचे, सोमवारी द्यायचाच. शनिवारी बॅगला अर्धा तास मारायचे. आणि सोमवारी माझ्याकडं द्यायला काही उरलेलंच नसायचं. राग नव्हता, घाईही नव्हती. वाटायचं, एवढं काय वाईट आहे? चाललंय की. उज्ज्वला विचारायची, "दिलास का वं?" मी म्हणायचे, "देते ना." आमच्या टीमचे प्रमुख तुषार सर एकदा मीटिंगमध्ये माझ्याकडं बोट करून म्हणाले, "मंजुळामध्ये किती बदल झालाय बघा. वर्गाचा फायदा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. माझं ते हसणं मला आज आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. दिवसभर मी दुसऱ्यांची वाळूची बॅग होते, आणि शनिवारी मला एक बॅग दिली होती म्हणून मी खूश होते.

मग डिसेंबरातला तो शनिवार. जोड्या लावून काठीचा सराव होता. माझ्यासमोर तुषार सर आले. तेही शिकायला यायचे, आणि बरे खेळायचे. मी सहावीपासून काठी धरलेली. तीन-चार टोल्यांतच मी त्यांना मागं रेटलं. मजल्यावरचे सगळे सराव थांबवून बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "सर, मराठवाड्याशी नडू नका." उज्ज्वला तर ओरडत होती, "हाण वं मंजे, हाण!" मागं सरकता सरकता तुषार सरांचा तोल गेला आणि आधारासाठी त्यांनी डावा हात मागच्या खांबाला टेकला.

माझ्या हातानं काठी खाली टाकली.

मी टाकली नाही, हातानं टाकली. तळघराच्या फरशीवर ती आपटल्याचा आवाज झाला आणि त्याच वेळी तुषार सरांचा टोला आला. त्यांचाही दोष नव्हता, टोला सुटलेला होता. उजव्या हाताचं मधलं बोट मोडलं. वेदनेच्या आधी मला आठवतो तो त्यांचा चेहरा, खरंच गोंधळलेला. "अरे, काठी का टाकलीस?"

पाटोळे सर धावत आले, माझा हात धरून बसले. "शिट्टी होईपर्यंत हत्यार सोडायचं नसतं, बाळा. हे कुणी शिकवलं तुला?"

काय सांगणार होते? तुमचा हात खुंट्याला लागला, म्हणून? तिथं खुंटाही नव्हता, हंडाही नव्हता. तळघराचा सिमेंटचा खांब होता, त्यावर गाड्या लावायचे नंबर होते. मी म्हणाले, "चुकून सुटली." माझ्या गावाची रीत मी त्या दिवशी चूक म्हणून सांगितली.

तीन आठवडे बोटाला पट्टी होती. टाइप करता येईना, म्हणून मला कागदपत्रं लावायच्या टेबलावर बसवलं. माझी तक्रारींची रांग उज्ज्वलाकडं गेली. तिची होतीच. म्हणजे एकाच माणसावर दोन रांगा, सलग. आमच्या कागदातली तिसरी मागणी हीच होती, आणि कागद माझ्या पिशवीत होता.

मी काचेतून तिच्याकडं बघायचे. पहिल्या आठवड्यात ती मला बघून जीभ काढून दाखवायची. दुसऱ्या आठवड्यात नुसतं बघायची. तिसऱ्या आठवड्यात बघायचीही नाही. एक माणूस तिला रोज फोन करायचा, त्याची बायको गेली होती. तो शिव्या देत नव्हता. तो रोज तिला त्या बायकोचं शेवटचं दुखणं पहिल्यापासून सांगायचा आणि शेवटी विचारायचा, "तुम्हाला समजतं का?" आणि तिनं म्हणायचं, "मी आपली अडचण समजू शकते." खोलीवर ती जेवेना. गुणगुणणं बंद झालं. एकदा तिनं विचारलं, "दिलास का वं तो कागद?" मी पट्टी बांधलेला हात वर केला. "बोट बरं होऊ दे. देते." ती "बरं" म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी ती खुर्चीवरून उठली, हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवला आणि जिन्यात जाऊन बसली. हाक मारली तर ओळखेना. कुणाला काही बोलेना, रडेना. संध्याकाळपर्यंत तशीच. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला पुसेगावला घेऊन गेला. निघताना तिनं माझ्याकडं बघितलं, पण बघण्यात मी नव्हते. कंपनीनं सगळ्यांना एक मेल पाठवला. तणाव जाणवत असेल तर शनिवारच्या वर्गाचा लाभ घ्यावा.

मी होळीला घरी गेले. काठी बरोबर घेतली. फाट्यावर उतरले तर हवेत शिजवलेल्या हळदीचा वास होता. तांड्यावर पोचले तर तांडा अर्धा रिकामा. माणसं ऊसतोडीला गेलेली, कारखाने अजून चालू होते. तरणी पोरं माझ्यासारखीच शहरात. तरी धुळवडीला बायांनी खुंटा रोवला. हंडा बांधला. पदर मागं खोचून काठ्या घेऊन उभ्या राहिल्या, मीही राहिले. आणि समोरून कुणीच आलं नाही. उन्हात आम्ही उभ्या. एक काकी गाणं म्हणायला लागली, लाज कुणाची काढायची ते न कळून मधेच थांबली. "मारायला बी कोण उरलं न्हाई गं," ती म्हणाली आणि हसली. शेवटी तांड्याचे प्रमुख, म्हातारे नायक, काठी टेकत आले. त्यांना कुणी मारलं नाही. त्यांनी खुंट्याला हात लावला आणि आम्ही सगळ्यांनी काठ्या खाली टाकल्या. इतक्या काठ्या एकदम पडल्याचा तो आवाज. मला तळघर आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी हिंगोलीला गेले आणि तिथून पुसेगावला. उज्ज्वला ओसरीवर बसून हळदीची बोटं निवडत होती. बारीक झाली होती. मला बघून सरकली, बसायला जागा केली. तिच्या आईनं चहा आणला. तेवढ्यात शेजारच्या घरात मोबाइल वाजला. उज्ज्वलाची पाठ ताठ झाली, मान सरळ झाली आणि त्या मऊ आवाजात ती म्हणाली, "नमस्कार, मी आपली काय..." आणि थांबली. ओठ दाबून पुन्हा हळद निवडू लागली. तिची आई पदर तोंडाला लावून आत गेली. "दिवसातून धा येळा व्हतंय असं," उज्ज्वला खाली बघत म्हणाली.

सूप अर्धं भरल्यावर तिनं विचारलं, "कागदाचं काय झालं वं?"

मी सुपातलं एक हळकुंड उचललं.

"दिल्यावर काय म्हणले तुषार सर?"

"मी दिला न्हाई, उज्जे."

तिनं हळदीचा तुकडा सुपात ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या हातात काठी द्यावी आणि तिनं तोंड न झाकता मला हाणावं, असं मला मनापासून वाटलं. ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं, दिला असशील. मी गेले तवा मला वाटलं, ते न्हाई म्हणले असतील. तू दिला असशील."

निघताना मी तिला विचारलं, आता कागद देताना खाली तिचं नाव घालू का. तिनं मान हलवली. "माझं नको. मला ते नावबी आता त्या मऊ आवाजातच ऐकू येतं." आणि मी चप्पल घालत असताना म्हणाली, "तुझं घाल. पर घाल."

घरी येऊन मी तो कागद पिशवीतून काढला. घामानं त्याच्या घड्या पिवळ्या झाल्या होत्या. नवा लिहिला. त्याच तीन मागण्या. आणि वर उज्ज्वलाचं काय झालं ते, नाव न घेता. बाला वाचायला दिला. बानं नेहमीसारखी आधी खालची ओळ बघितली.

"खाली कोण न्हाई हितं."

"बा, आधी वाच तर खरं."

"काहून वाचू? कोण बोलून राहिलं तेच ठावं न्हाई."

"नाव घातलं तर नोकरी जाईल."

बानं चष्मा काढला. त्यानं मला घाल म्हटलं नाही आणि नको घालू असंही म्हटलं नाही. त्यानं कागद परत माझ्या हातात दिला आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. याडी चुलीपाशी होती. तिला वाचता येत नाही, पण तिनं सगळं ऐकलं होतं. "तोंड झाकून मारती व्हय?" ती म्हणाली. भाकरी उलटली.

छापखाना आता बॅनर आणि लग्नपत्रिकांवर चालतो. सुटीच्या दिवशी मालकाला विचारून बानं मशीन चालू केलं. पाच-सहा कागद वाकडे आले, ते त्यानं सवयीनं घरी न्यायला बाजूला ठेवले. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो. त्यानं माझं मोडलेलं बोट हातात घेऊन बघितलं. ते आता किंचित वाकडं बसलं आहे. "काठी कशाला टाकलीस?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. सगळ्या पुण्यात हे एकदा सांगून समजेल असं माणूस मला मिळालं नव्हतं. बा म्हणाला, "बराबर केलंस. पर तो खुंटा आपला नव्हता."

परत निघाले तेव्हा फाट्यावर गाडीत मांडीवर गठ्ठा होता. काठी याडीनं ठेवून घेतली. "पुढच्या साली कोण आलं तर लागंल," ती म्हणाली. क्लीनर दुसराच होता. हसण्यासारखं काही नव्हतं.

सोमवारी सकाळी मी कंपनीच्या गेटवर उभी राहून पत्रकं वाटली. बहुतेकांनी घडी करून खिशात घातली. दोघी-तिघींनी माझ्याकडं न बघता हात दाबला. वर्गाचं बिल द्यायला आलेल्या पाटोळे सरांनी तिथंच उभं राहून सगळं वाचलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेले. तुषार सरांनी घेतलं, चालत चालत नजर फिरवली, आणि खालच्या ओळीवर थांबले. तिथं लिहिलं होतं: आपली, मंजुळा धरमा राठोड, तांडा, पो. डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली.

बुधवारी माझं कार्ड गेटला लागेना. आज दोन आठवडे झाले. पत्रकावर अजून तरी एकच नाव आहे. रोज सकाळी मी गच्चीवर जाते, पाटोळे सरांनी शिकवलेले हात करते, श्वास सोडत, आवाज करत. ते मी सोडलेलं नाही आणि सोडणार नाही. फक्त क्रम बदलला आहे. आधी मी रोज कंपनीला एक अर्ज लिहिते, खाली नाव घालते, पाठवते. मग हात. उलटं केलं की काय होतं ते मी बघितलं आहे, आणि त्याची किंमत माझ्या नाही, उज्ज्वलाच्या अंगावर पडली.

दमले आहे, बा. तू म्हणालास तसं परत येता येईल हे मला माहीत आहे, म्हणूनच इथं उभी राहू शकते. उत्तर मिळेपर्यंत उभी आहे. न मिळालं तरी थोडे दिवस.

घराबद्दल इथं कुणाला काही सांगायची वेळच येत नसे. उज्ज्वला सोडली तर तीन वर्षांत माझ्या मजल्यावर मला कुणी विचारलं नाही की मी नेमकी कुठली. त्या सोमवारी गेटवर तुषार सरांनी खालच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे डोंगरकडा कुठं आलं?"

मी सांगितलं, वारंगा फाट्यावर उतरायचं. तिथून नांदेडच्या दिशेनं, केळीच्या बागा लागतात. तांड्यात कुणालाही विचारा, खुंटा कुठं रोवतात. समोरचं घर आमचं.